जर्मनीच्या तयारीत सोबत्यांकडून शिकताना: कोणाला काय विचारावे, काय स्वतः तपासावे

जर्मनीतील सार्वजनिक विद्यापीठात एम.एस्सी. करण्यासाठी महाराष्ट्रातून निघणाऱ्या विद्यार्थ्याची बरीचशी तयारी आज त्याच वाटेवरच्या इतर विद्यार्थ्यांशी बोलताना होते. ट्रान्सक्रिप्टसाठी (सर्व सत्रांच्या गुणांच्या अधिकृत उताऱ्यासाठी) अर्ज कसा करायचा, भारतीय पदव्यांची पडताळणी करणाऱ्या एपीएस या जर्मन कार्यालयाला पाठवायच्या पाकिटात कोणता कागद हमखास राहून जातो, ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे वर्षभराचा खर्च आधीच भरून ठेवायच्या आणि दरमहा ठराविक रक्कमच देणाऱ्या खात्यात, पैसे पाठवताना आपली बँक कोणकोणते फॉर्म भरून मागते, हे सगळे एका ठिकाणी लिहिलेले सापडत नाही. ते नुकतेच करून मोकळ्या झालेल्या माणसाला ठाऊक असते. गेल्या काही वर्षांत अशा माणसांची संख्याही वाढली आहे. भारतीय विद्यार्थी हा जर्मनीतील परदेशी विद्यार्थ्यांचा सर्वांत मोठा गट बनला असून २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात तेथे सुमारे ४९,००० भारतीय शिकत होते. त्यामुळे विचारायला कोणी नाही, अशी अडचण आता थोड्यांनाच येते. अनेकांची अडचण याच्या उलट असते: दहा जण दहा गोष्टी सांगतात आणि त्यांतली आपल्याला लागू कोणती, हे कळत नाही.

माझे म्हणणे असे आहे की सोबत्याने स्वतः केलेल्या कामाची हकीकत मनापासून ऐकावी आणि जशीच्या तशी टिपून घ्यावी, परंतु त्या हकिकतीवरून त्याने काढलेला निष्कर्ष आपल्या बाबतीत पुन्हा तपासल्याशिवाय स्वीकारू नये. ‘मी मार्चमध्ये कागद पाठवले आणि अमुक आठवड्यांनी प्रमाणपत्र आले’ ही हकीकत झाली, तर ‘मार्चमध्ये पाठवले तरी चालते’ हा निष्कर्ष झाला. तयारीच्या काळात होणाऱ्या चुकांपैकी पुष्कळशा या दोहोंची गल्लत केल्याने होतात, आणि त्यांची किंमत कधी एका सत्राची, तर कधी पूर्ण वर्षाची असते.

कोणत्या सोबत्याकडे कोणते ज्ञान असते

सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत कमी विचारला जाणारा सोबती म्हणजे आपल्याच महाविद्यालयाच्या आपल्याच शाखेतून एक-दोन वर्षांपूर्वी गेलेला विद्यार्थी. तो कोणत्या नामांकित विद्यापीठात आहे, याला येथे फारसे महत्त्व नाही. त्याची गुणपत्रिका आपल्यासारखीच आहे, त्याने तोच अभ्यासक्रम शिकला आहे आणि त्याच कार्यालयातून ट्रान्सक्रिप्ट, किमान उत्तीर्ण श्रेणीचे पत्र व शिक्षणाच्या माध्यमाचा दाखला मिळवला आहे, ही त्याची खरी मोलाची बाजू होय. जर्मनीतील अनेक मास्टर्स अभ्यासक्रमांत पदवीच्या विषयांची जुळणी काटेकोरपणे पाहिली जाते. गणिताचे इतके क्रेडिट, मूलभूत विषयांचे इतके क्रेडिट अशा अटी असतात आणि त्या ईसीटीएस या युरोपीय मापात मोजल्या जातात, ज्यात पूर्ण शैक्षणिक वर्षाचे ६० क्रेडिट धरलेले असतात. आपल्या विद्यापीठाच्या कोणत्या विषयाचे वर्णन कसे लिहिले असता ते मान्य झाले, हे त्या सोबत्याला अनुभवाने कळलेले असते. त्याने तयार केलेला विषयवर्णनाचा तक्ता पाहायला मिळाला, तर आपले काम कितीतरी हलके होते. मात्र आपला तक्ता आपल्या वर्षाच्या अभ्यासक्रमावरूनच बनवावा, कारण विद्यापीठे दर काही वर्षांनी अभ्यासक्रम बदलतात आणि त्याच नावाच्या विषयाचे तास व क्रेडिट वेगळे झालेले असू शकतात.

दुसरा सोबती म्हणजे आपल्याबरोबर याच वर्षी अर्ज करणारा. त्याला आपल्यापेक्षा जास्त माहिती नसते, पण तो आजच्या तारखेला तीच संकेतस्थळे उघडून वाचत असतो, म्हणून नियम बदलला की सर्वांत आधी त्याला किंवा आपल्याला कळते. गट करावा तो अशांचा.

तिसरा म्हणजे आपल्याला हव्या असलेल्या अभ्यासक्रमात सध्या शिकत असलेला विद्यार्थी. त्याला प्रवेशाच्या अटी विचारण्यात अर्थ नसतो, कारण त्या विभागाच्या पानावर लिहिलेल्या असतात. पहिल्या सत्रातील परीक्षा कशा असतात, कोणता विषय प्रत्यक्षात जर्मन भाषेतच शिकवला जातो, प्रयोगशाळेत विद्यार्थी-सहायकाचे काम मिळण्यासाठी जर्मन किती यावी लागते, त्या शहरात खोली मिळायला किती वेळ लागतो, हे त्याला विचारावे. म्युनिक, बर्लिन, फ्रँकफर्ट अशा शहरांत मराठी मंडळेही आहेत; परंतु तेथे भेटणारी बरीचशी मंडळी नोकरी व संसार करणारी असल्याने त्यांचा आधार पोहोचल्यानंतर मोठा वाटतो, प्रवेशाच्या तांत्रिक प्रश्नांसाठी मात्र ते योग्य ठिकाण नव्हे.

वर्ष विचारल्याशिवाय आकडा घेऊ नये

जर्मनीच्या बाबतीत नियम आणि रकमा किती वेगाने बदलतात, हे पाहिल्यावर जुन्या सोबत्याचा प्रामाणिक सल्लाही कसा धोकादायक ठरतो, ते लक्षात येईल. २०२२ मध्ये गेलेला विद्यार्थी सांगेल की ब्लॉक्ड अकाउंटमध्ये १०,३३२ युरो ठेवले. २०२३ मध्ये गेलेला ११,२०८ सांगेल. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो झाली. तिघेही खरेच सांगत आहेत, पण आई-वडिलांनी पहिल्या आकड्यावर कर्जाचा हिशेब मांडला, तर शेवटच्या महिन्यात दीड हजार युरोंहून अधिक रकमेची जुळवाजुळव करावी लागेल.

एपीएसचेही तसेच आहे. पदवीची पडताळणी झाल्याचे त्याचे प्रमाणपत्र १ नोव्हेंबर २०२२ पासून विद्यार्थी-व्हिसासाठी आवश्यक झाले. त्यापूर्वी गेलेल्या दादा-ताईंना ते कधी लागलेच नव्हते आणि म्हणून त्यांनी सांगितलेल्या वेळापत्रकात त्याला जागाच नसते. शिकत असताना कामासाठी मिळणारी मुभा मार्च २०२४ पासून वर्षाला १२० पूर्ण दिवसांऐवजी १४० पूर्ण दिवस, किंवा २८० अर्धे दिवस, अशी झाली. ‘सार्वजनिक विद्यापीठात शिक्षण फुकट’ हे वाक्यही सरसकट खरे राहिलेले नाही: बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना २०१७ पासून दर सत्राला १,५०० युरो शुल्क आहे आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून अशा नव्या विद्यार्थ्यांसाठी शुल्क सुरू केले आहे.

सर्वांत घातक ठरू शकणारा जुना सल्ला व्हिसाचा आहे. व्हिसा नाकारला गेला तर वाणिज्य दूतावासाकडे फेरविचाराचा विनामूल्य अर्ज करता येतो, असे जुने विद्यार्थी सांगतात आणि त्यांच्या काळी ते बरोबरही होते. परंतु १ जुलै २०२५ पासून ही सोय जगभर बंद करण्यात आली आहे. आता नव्याने अर्ज करणे किंवा जर्मन न्यायालयात जाणे, एवढेच मार्ग उरतात. ‘एखादा कागद कमी असला तरी नंतर देता येईल’ हा धीर ज्याच्या सल्ल्यात डोकावतो, त्याला त्याचे वर्ष अवश्य विचारावे.

म्हणून वहीत किंवा सामाईक तक्त्यात सोबत्याकडून मिळालेली कोणतीही माहिती लिहिताना तिच्याशेजारी तीन गोष्टी लिहाव्यात: सांगणाऱ्याने ते काम कोणत्या महिन्यात व वर्षी केले, ते त्याने स्वतः केले की ऐकले, आणि ती माहिती आपण अधिकृत पानावर कोणत्या तारखेला ताडून पाहिली. तिसरा रकाना रिकामा असेपर्यंत त्या माहितीवर पैसे खर्च करू नयेत. दूतावास, एपीएस, युनि-असिस्ट (अनेक विद्यापीठांसाठी परदेशी अर्ज तपासणारी संस्था), डाड (जर्मनीची शैक्षणिक देवाणघेवाण संस्था) आणि विद्यापीठाचा विभाग या पाच ठिकाणांच्या पलीकडे ताडून पाहण्यासाठी फारसे कोठे जावे लागत नाही.

गुणांची तुलना करताना

‘तुझे किती आणि तुला कुठे मिळाले’ हा प्रश्न सगळेच विचारतात. त्याचे उत्तर दिशाभूल कशी करू शकते, हे एका हिशेबावरून दाखवतो. जर्मनीत १.० ही सर्वोत्तम श्रेणी असते आणि ४.० ही उत्तीर्ण होण्याची शेवटची. भारतीय गुणांचे रूपांतर बहुतेक ठिकाणी सुधारित बव्हेरियन सूत्राने करतात: कमाल श्रेणीतून मिळालेली श्रेणी वजा करावी, त्या फरकाला कमाल आणि किमान उत्तीर्ण श्रेणी यांच्यातील फरकाने भागावे, आलेल्या उत्तराला तीनने गुणावे व त्यात एक मिळवावा.

आता दोन मित्र घ्या, दोघांचाही सीजीपीए दहापैकी ८.०. पहिल्याच्या विद्यापीठात किमान उत्तीर्ण श्रेणी ४ आहे. दोनला सहाने भागून तीनने गुणले की १ येतो आणि त्याची जर्मन श्रेणी २.० होते. दुसऱ्याच्या विद्यापीठात किमान श्रेणी ५ आहे. दोनला पाचने भागून तीनने गुणले की १.२ येतात आणि त्याची श्रेणी २.२ होते. एखाद्या अभ्यासक्रमाची मर्यादा २.१ असेल, तर पहिला आत येईल आणि दुसरा बाहेर राहील, जरी दोघांनी आयुष्यभर एकमेकांना ‘आपले गुण सारखेच’ असे सांगितले असले तरी. म्हणून सोबत्याकडून केवळ सीजीपीए विचारू नये. त्याच्या ट्रान्सक्रिप्टवर किमान श्रेणी काय छापली होती आणि रूपांतरित श्रेणी किती आली, हे विचारावे. आपल्या गुणपत्रिकेवर किमान श्रेणी स्पष्ट छापलेली नसेल, तर विद्यापीठाकडून तसे पत्र आधीच घ्यावे. या एका पत्राची आठवण मला ज्यांना ज्यांना करून द्यावी लागली, ते सगळे हुशार विद्यार्थी होते; ती त्यांच्या हुशारीची उणीव नव्हती, हे त्यांना सांगणारेच कोणी भेटले नव्हते.

प्रश्न कसा विचारावा

जर्मनीत शिकणाऱ्या ताईला किंवा दादाला रोज अनोळखी संदेश येत असतात आणि त्यांतील बहुतेकांत एवढेच असते: ‘हाय, माझी प्रोफाइल बघून सांगा ना, कुठे मिळेल?’ याला उत्तर देणे शक्य नसते आणि उत्तर न आल्याने विचारणाऱ्याचा समज होतो की तिकडे गेलेले लोक बदलतात. खालील संदेश त्यापेक्षा कसा वेगळा आहे, ते पाहावे.

‘नमस्कार ताई, मी आपल्याच महाविद्यालयातून यंदा यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतली. तुमच्या अभ्यासक्रमाच्या पानावर गणिताचे किमान २० ईसीटीएस हवेत, असे लिहिले आहे. आपल्या गणिताच्या पेपरांचे माझ्या हिशेबाने १८ होतात. तुम्ही अर्ज करताना न्यूमरिकल मेथड्स हा विषय गणितात धरला होता का आणि तो मान्य झाला का? माझा तक्ता सोबत जोडला आहे. सवडीने दोन ओळी कळवल्यात तरी पुरे.’

यात विचारणाऱ्याने स्वतः काय वाचले, कोठपर्यंत हिशेब केला आणि तो नेमका कोठे अडला, हे तिन्ही आले आहे. उत्तर देणाऱ्याला आपल्या स्मरणातून एकच गोष्ट काढून द्यायची आहे, आणि ती दुसरे कोणीही देऊ शकत नाही. असे विचारले तर उत्तर बहुधा येते आणि पुढच्या प्रश्नासाठी दारही उघडे राहते. वेळेचेही भान ठेवावे. भारत आणि जर्मनी यांच्यात उन्हाळ्यात साडेतीन व हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक असतो, आणि बऱ्याच विद्यापीठांच्या परीक्षा फेब्रुवारीत व पुन्हा जुलै-ऑगस्टमध्ये येतात. त्या आठवड्यांत विचारलेला प्रश्न अनुत्तरित राहिला, तर मनाला लावून घेऊ नये.

चार-पाच जणांचा गट

मोठ्या गटात माहिती वाहत असते, पण काम होत नाही. काम करायचे तर चार-पाच जणांचा लहान गट करावा आणि शक्य असल्यास त्यांचे विषय वेगवेगळे असावेत, म्हणजे एकाच अभ्यासक्रमाच्या जागांसाठी आपापसांत चुरस राहत नाही आणि मोकळेपणाने बोलता येते. आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी भेटावे. पुण्यात बोट क्लब रोडवरील मॅक्सम्युलर भवनात किंवा रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मनच्या वर्गाला जाणाऱ्यांचे असे गट वर्गानंतर आपोआप जमतात. लातूर, जळगाव, रत्नागिरीच्या विद्यार्थ्यांना ते फोनवरून जमवावे लागतात, आणि जमवता येतात.

गटाचे पहिले काम म्हणजे तारखांचा सामाईक तक्ता. हिवाळी सत्र १ ऑक्टोबरला सुरू होते, परंतु अर्जाची मुदत काही अभ्यासक्रमांना १५ जुलै, काहींना ३१ मे, तर काहींना त्याच्याही बरीच आधी असते. युनि-असिस्टमार्फत अर्ज करायचा असेल, तर त्यांच्या तपासणीसाठी मुदतीच्या बऱ्याच आधी, साधारण आठ आठवडे हातात ठेवून, कागद पोहोचलेले बरे. तेथे पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि त्याच सत्रातील पुढच्या प्रत्येक अर्जाला ३० युरो लागतात, त्यामुळे किती ठिकाणी अर्ज करायचे, हा प्रश्न केवळ उत्साहाचा राहत नाही. तक्ता एकाने भरावा आणि दुसऱ्याने मूळ पानाशी ताडून पाहावा. स्वतः भरलेली तारीख स्वतःला नेहमी बरोबरच दिसते.

दुसरे काम भाषेच्या परीक्षेचे. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतील बोलण्याची चाचणी ११ ते १४ मिनिटांची असते आणि तिचे तीन भाग असतात. मधल्या भागात विषयाचे कार्ड देऊन एक मिनिट विचाराला देतात आणि मग दोन मिनिटांपर्यंत सलग बोलायचे असते. हा भाग एकट्याने आरशासमोर करण्यापेक्षा तिघांनी मिळून करावा: एकाने परीक्षक व्हावे, एकाने उमेदवार, आणि तिसऱ्याने घड्याळ लावून फोनवर ध्वनिमुद्रण करावे. नंतर तिघांनी मिळून ते ऐकावे आणि परीक्षा घेणाऱ्यांनीच प्रसिद्ध केलेल्या गुणनिकषांशी ताडून पाहावे.

येथे एक अडचण मुद्दाम सांगतो, कारण ती गटातल्या कोणाच्याही लक्षात येत नाही. पाचही जण मराठी असतील, तर त्यांच्या इंग्रजीतील चुकाही एकसारख्या असतात आणि म्हणून त्या कोणालाच खटकत नाहीत. ‘आय अ‍ॅम हॅव्हिंग टू ब्रदर्स’ हे वाक्य आपल्या कानाला सरळ वाटते. नामाआधीचे ‘द’ गळले तरी ऐकणाऱ्याला काही चुकल्यासारखे वाटत नाही, आणि ‘व्ही’ व ‘डब्ल्यू’ यांचे उच्चार एकच होतात. यावर उपाय असा की गटात शक्य तर मराठीखेरीज दुसरी मातृभाषा असलेला एक तरी सोबती घ्यावा. तो केरळचा असेल तर त्याच्या चुका वेगळ्या असतील आणि दोन्हीकडच्या चुका परस्परांना ऐकू येतील. असा सोबती नसेल, तर बोलणे ऐकताना प्रत्येकाने एकच गोष्ट वाटून घ्यावी: एकाने केवळ क्रियापदांचा काळ पाहावा, दुसऱ्याने केवळ ‘अ’ आणि ‘द’, तिसऱ्याने केवळ अडखळण्याच्या जागा मोजाव्यात. सगळेच सगळे ऐकू लागले की शेवटी ‘छान बोललास’ एवढाच शेरा मिळतो. या परीक्षेचे गुण दोनच वर्षे ग्राह्य असतात, तेव्हा अमक्याने लवकर दिली म्हणून आपणही फार लवकर देण्याची घाई करू नये.

एसओपी एकमेकांना वाचायला देताना

आपण हाच अभ्यासक्रम का निवडला, हे सांगणारा एसओपी लिहिताना सोबत्यांची मदत जितकी मोलाची असते, तितकीच ती जपून घ्यावी लागते. प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याचा एसओपी ‘नमुना म्हणून’ मागितला जातो, आणि वाचल्यावर त्याची वाक्ये नकळत आपल्या लिखाणात उतरतात. अनेक विद्यापीठे मजकूर आपण स्वतः लिहिल्याचे निवेदन सहीनिशी घेतात, आणि मजकूर जुळला तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो, तोही कधीकधी देणाऱ्यालाही गोत्यात आणून. म्हणून माझा आग्रह असा की आपला पहिला खर्डा पूर्ण होईपर्यंत दुसऱ्याचा एसओपी वाचूच नये.

खर्डा झाल्यावर मात्र तो गटात वाचायला अवश्य द्यावा. वाचणाऱ्याने वाक्ये दुरुस्त करू नयेत, फक्त प्रश्न विचारावेत, हा नियम मला सर्वांत उपयोगी वाटतो. समजा, सांगलीकडच्या एका विद्यार्थ्याने लिहिले आहे, ‘लहानपणापासून मला यंत्रांची आवड होती.’ सोबत्याने ते खोडून दुसरे सुंदर वाक्य लिहिले, तर कागद त्या सोबत्याचा होईल. त्याऐवजी त्याने विचारावे, ‘कोणते यंत्र? कधी उघडून पाहिलेस?’ मग कळते की शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात त्याने साखर कारखान्यातील पंपाच्या बेअरिंगची कंपने मोजली होती, आणि गळिताच्या हंगामात पंप बंद ठेवणे कारखान्याला परवडत नसल्याने चालू पंपावरच मोजमाप करण्याची पद्धत बसवावी लागली होती. हे त्याने लिहिलेच नव्हते, कारण त्याला ते सांगण्यासारखे वाटत नव्हते. जो अभ्यासक्रम यंत्रांच्या स्थितीवर देखरेख ठेवण्याचे शास्त्र शिकवतो, त्याच्या प्रवेश समितीला मात्र हेच वाचायचे असते. सोबती आपल्याला जवळून ओळखतो, पण आपल्या कामाकडे बाहेरून पाहू शकतो; एवढा फायदा पैसे घेऊन एसओपी लिहून देणाऱ्याकडून मिळणार नाही.

प्राध्यापकांच्या शिफारसपत्रांत गटाने अजिबात लक्ष घालू नये. कोणाकडे आणि किती आधी मागावे, एवढीच चर्चा पुरे.

नकार मिळालेल्यांनाही विचारावे

अ‍ॅडमिट आलेले विद्यार्थी बोलतात आणि रिजेक्ट आलेले गप्प राहतात. त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटते की ‘साडेसात सीजीपीएला आखेनच्या विद्यापीठात मिळाले’ हीच रीत आहे, तर त्याच गुणांवर नकार मिळालेले कितीतरी जण त्याच्या कानावरच येत नाहीत. नकाराचे पत्र पुष्कळदा अत्यंत उपयुक्त असते, कारण त्यात कारण लिहिलेले असते: अमुक विषयगटात क्रेडिट अपुरे, तमुक कागद मुदतीत पोहोचला नाही, श्रेणी मर्यादेबाहेर. ज्याला नकार मिळाला आहे, त्याला सहानुभूतीने आणि एकांतात विचारावे, आणि त्याची परवानगी असेल तरच ते कारण गटाच्या तक्त्यात नावाशिवाय लिहावे. ज्याने आपला नकार असा मोकळेपणाने दाखवला, त्याच्या पुढच्या अर्जासाठी गटाने सर्वांत जास्त वेळ द्यावा, असे मला वाटते.

पैसे, कागद आणि घर

मोठ्या गटांत विद्यार्थी म्हणून वावरणारे काही जण प्रत्यक्षात दलालांसाठी काम करत असतात. खासगी विद्यापीठात विद्यार्थी पाठवल्याबद्दल त्यांना मोबदला मिळतो. सार्वजनिक विद्यापीठांबद्दल विचारले असता जो सोबती प्रत्येक वेळी एकाच खासगी संस्थेकडे वळवतो, त्याला तो स्वतः कोणत्या अभ्यासक्रमात व कोणत्या सत्रात आहे, हे सरळ विचारावे. पासपोर्टचे पान, अर्जाच्या खात्याचा पासवर्ड, ब्लॉक्ड अकाउंटचे चित्र, प्रवेशपत्र यांतले काहीही गटात टाकू नये. आनंदाच्या भरात प्रवेशपत्राचे छायाचित्र टाकणारे बरेच असतात आणि त्यावर जन्मतारखेपासून अर्ज क्रमांकापर्यंत सगळे छापलेले असते.

घराच्या बाबतीत मात्र सोबत्याची मदत निःसंकोचपणे मागावी. विद्यार्थी-वसतिगृहांसाठी प्रतीक्षायादी लांब असते, म्हणून प्रवेश निश्चित होताच अर्ज करावा. खासगी खोली शोधताना ‘मी सध्या परदेशात आहे, अनामत पाठवा म्हणजे चावी पाठवतो’ असे सांगणारा घरमालक भेटला, तर त्या शहरातील सोबत्याला प्रत्यक्ष पाहून यायला सांगितल्याशिवाय एक युरोही पाठवू नये. त्याला आणखी एक गोष्ट खात्री करून घ्यायला सांगावी: घरमालक राहण्याच्या पुराव्याचे पत्र देणार आहे का? त्या पत्राशिवाय शहरात पत्त्याची नोंदणी होत नाही, आणि नोंदणी नसली की पुढे निवास परवान्यापर्यंतची अनेक कामे अडतात.

ज्यांच्या ओळखीत कोणीच गेलेले नाही

आतापर्यंतचे सगळे सांगताना एक गृहीत धरले होते, की विचारायला कोणीतरी सापडते. गावातून किंवा वस्तीतून पदवीपर्यंत पोहोचलेल्या पहिल्या पिढीतील विद्यार्थ्याला हे गृहीत लागू होत नाही, आणि त्याची सर्वांत मोठी उणीव गुणांची किंवा पैशांचीही नसून अशा गप्पांची असते. राज्य शासनाची अनुसूचित जातींतील विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, पण तिच्या जाहिरातीची वाट केव्हापासून पाहायची आणि तोवर कोणते दाखले काढून ठेवायचे, हे आधी ती मिळालेल्या विद्यार्थ्याशी बोलल्यावरच नीट उमगते. राजू केंद्रे यांनी यवतमाळमधून उभी केलेली एकलव्य ही संस्था पहिल्या पिढीतील विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी मार्गदर्शन करते, आणि त्या कामात स्वतः त्याच परिस्थितीतून पुढे गेलेले तरुण असतात. अशा विद्यार्थ्याने आपल्या महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थी विभागाकडेही जाऊन विचारावे, आणि ज्यांच्या गटात जागा आहे त्यांनी ती शहरातल्याच मित्रांनी भरून टाकू नये.

निघण्याआधीचे महिने

व्हिसाच्या टप्प्यावर गटाचा वेग एकसारखा राहत नाही. कोणाचे प्रवेशपत्र मेमध्ये येते, कोणाचे ऑगस्टमध्ये. ज्याचे काम आधी होते, त्याने आपल्या फाइलमधील कागदांचा क्रम आणि मुलाखतीत विचारलेले प्रश्न त्याच दिवशी लिहून ठेवावेत. आठवड्याने आठवताना त्यात ऐकीव गोष्टी मिसळतात. इतरांनी ती यादी वाचावी, पण स्वतःची फाइल लावावी ती वाणिज्य दूतावासाच्या त्या दिवशीच्या यादीप्रमाणे. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये पैसे पाठवण्याचे काम घरातील मोठ्यांच्या बँकेत होते, म्हणून ज्याच्या वडिलांनी ते एकदा केले आहे, त्यांनाच दुसऱ्याच्या वडिलांशी फोनवर बोलायला सांगितले, तर मुलांनी समजावण्यापेक्षा ते लवकर उमजते आणि घरची काळजीही थोडी कमी होते.

जर्मनीत पोहोचल्यावर पहिल्या महिन्यात पत्ता नोंदणी, आरोग्य विमा, बँक खाते आणि विद्यापीठातील नावनोंदणी यांची धावपळ असते, आणि त्याच वेळी पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांचे प्रश्न यायला लागतात. गटाचा तक्ता तेव्हा पुढे द्यावा. देताना वरच्या ओळीत सत्र, महाविद्यालय व शाखा लिहावी, मिळालेल्या प्रवेशांबरोबर नकार आणि त्यांची कारणे ठेवावीत, कोणाचेही नाव, क्रमांक वा पत्ता राहिला नाही ना, हे पाहावे, आणि रकमांचा रकाना मुद्दाम रिकामा करून त्याच्या जागी अधिकृत पानांचे पत्ते लिहावेत.